फ्रेंच बचाव सोडावा का? एका बरोबरीच्या निमित्ताने

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र आणि त्यासोबत पाठवलेली मुलीच्या डावाची नोंद, दोन्ही मिळाले. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून पत्राचा आशय आधी सांगतो. साताऱ्याच्या या पालकांची मुलगी चौदा वर्षांची आहे. एका रेटिंग स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत तिची गाठ तिच्याहून दोनशे गुणांनी वरचे रेटिंग असलेल्या खेळाडूशी पडली. तिच्याकडे काळी मोहरी होती आणि ती नेहमीप्रमाणे फ्रेंच बचाव खेळली, म्हणजे पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकल्यावर तिने आपले तेच प्यादे एकच घर पुढे टाकले. चौतिसाव्या खेळीपासून तिने प्रतिस्पर्ध्याच्या राजाला सतत शह देण्यास सुरुवात केली. समोरचा बरोबरी मान्य करीना, तेव्हा तिने घड्याळ थांबवून पंचांना बोलावले, पंचांनी नोंद तपासली आणि डाव बरोबरीत सुटल्याचे जाहीर केले. अर्ध्या गुणाने तिचे बक्षीस हुकले. प्रशिक्षक म्हणाले की हिंमत केली असती तर ती जिंकली असती, आणि असल्या बचावात्मक सुरुवातीपेक्षा तिने आता सिसिलियन ही दुसरी सुरुवात शिकावी. घरातही तोच सूर निघाला. तेव्हापासून तिने पट मांडलेला नाही. ती घाबरली का, फ्रेंच बचाव सोडावा का, आणि तिला पुन्हा पटाजवळ कसे आणावे, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण पाठवलेल्या नोंदीतच आहे. चौतिसाव्या खेळीच्या वेळी तिच्याकडे वजीर, घोडा आणि तीन प्यादी होती. समोर वजीर, हत्ती आणि पाच प्यादी होती, आणि त्यांतली वजिराच्या बाजूची दोन मोकळी (वाटेत समोरचे प्यादे नसलेली) प्यादी एकमेकांच्या आधाराने पुढे निघाली होती. अशा स्थितीत शह थांबवून दुसरी कोणतीही खेळी केली असती, तर समोरच्याला एक मोकळी चाल मिळाली असती आणि ती दोन प्यादी थांबवणे तिला शक्य झाले नसते. म्हणजे ज्याला घरचे लोक हिंमत म्हणत आहेत, तिचा अर्थ त्या क्षणी हरणे एवढाच होता. खरी हिंमत तिने सत्ताविसाव्या खेळीलाच दाखवली होती. एक प्यादे कमी असताना तिने एफ३ वरच्या घोड्यावर हत्ती दिला (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने एक ते आठ म्हणतात, त्यावरून घराचे हे नाव), समोरच्याला जी पट्टीवरच्या प्याद्याने तो घ्यायला लावला आणि त्याच्या राजासमोरचा आडोसा मोडून काढला. घाबरलेला खेळाडू पिछाडीवर असताना आणखी मोहरी देत नाही, असलेली मोहरी सांभाळत बसतो. तिने हत्ती दिला, त्यानंतर सात खेळ्या राजाचा पिच्छा पुरवला, आणि विजय मिळत नाही हे स्पष्ट झाल्यावर जे मिळण्याजोगे होते ते घेतले.

या ठिकाणी मला एक जुना डाव आपल्यापुढे ठेवावासा वाटतो, कारण फ्रेंच बचाव आणि सतत शह देऊन झालेली बरोबरी या दोन्ही गोष्टी त्यात आहेत आणि तो खेळणाऱ्या दोघांपैकी एकालाही कोणी भित्रा म्हटलेले नाही. १९६० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्व जर्मनीतील लाइपझिग येथे बुद्धिबळ ऑलिंपियाड, म्हणजे देशोदेशीच्या संघांची स्पर्धा, भरले होते. अमेरिकेच्या पहिल्या पटावर १७ वर्षांचा बॉबी फिशर होता. सोव्हिएत संघाच्या पहिल्या पटावर २३ वर्षांचा मिखाईल ताल होता, ज्याने त्याच वर्षी मे महिन्यात बोटविनिकला हरवून जगज्जेतेपद मिळवले होते. आदल्या वर्षी युगोस्लाव्हियात झालेल्या आव्हानवीरांच्या स्पर्धेत (जगज्जेत्याला कोण आव्हान देणार हे ती ठरवते) हे दोघे चार वेळा भेटले होते आणि चारही डाव तालने जिंकले होते. तेव्हा फिशर लाइपझिगमध्ये पांढरी मोहरी घेऊन बसला, तो कोणती देणी चुकती करायला बसला होता हे वेगळे सांगायला नको.

फिशरने ई४ ने, म्हणजे त्या घरावर प्यादे ढकलून, सुरुवात केली, तालने ई६ ने उत्तर दिले, मग डी४ आणि डी५ झाले, आणि फिशरचा घोडा सी३ वर येताच तालने आपला उंट बी४ वर नेऊन ठेवला. फ्रेंच बचावाच्या या प्रकाराला वॉर्साचे खेळाडू शिमॉन विनावर यांचे नाव आहे. त्यात काळा खेळाडू आपल्या राजाच्या बाजूचे रक्षण करणारा उंट दूर पाठवतो आणि त्यामुळे जी७ हे घर उघडे पडते, तेव्हा याला नुसता बचाव म्हणणे कठीण आहे. तालने ती जोखीम पुरती स्वीकारली. सातव्या खेळीला फिशरचा वजीर जी४ वर आला, नवव्या खेळीला त्याने जी७ चे प्यादे मारले आणि दहाव्या खेळीला एच७ चे. तेराव्या खेळीला फिशरने राजा आपल्या उजव्या हाताला किल्लेकोटात नेला आणि तालने वजिराच्या बाजूला. इथपर्यंत पटावर दोन्हीकडे मिळून चारही हत्ती आणि दोन्ही वजीर होते.

पुढे जे झाले ते आपण मुलीबरोबर पटावर मांडूनच पाहावे. चौदाव्या खेळीला फिशरचा उंट जी५ वर आला, तालने ई५ चे प्यादे घोड्याने मारले, आणि तिथपासून एकविसाव्या खेळीपर्यंत दोघांनी मिळून बारा वेळा एकमेकांची मोहरी मारली. वजिरांची मारामारी मात्र झाली नाही. फिशरच्या घोड्याने ई५, एफ७, डी८ आणि ई६ अशी चार घरे लागोपाठ मारत तालचा एक हत्ती घेतला. तालच्या उंटाने बी५ वरचा उंट आणि एफ१ वरचा हत्ती घेतला. धूळ खाली बसली तेव्हा फिशरकडे वजीर, हत्ती आणि पाच प्यादी उरली होती, तालकडे वजीर, घोडा आणि चार. मोहऱ्यांचा हिशेब केला तर फिशर सरस होता. परंतु त्याचा राजा जी२ वर उघडा पडला होता, तालने वजीर जी४ वर नेऊन शह दिला आणि तिथेच बरोबरी मान्य झाली, कारण राजा एच१ वर गेला की वजीर एफ३ वर येऊन शह देणार, राजा जी१ वर आला की पुन्हा जी४ वर, आणि यातून बाहेर पडायला फिशरकडे मध्ये घालायला मोहरेही नव्हते.

आपल्या मुलीच्या शेवटच्या स्थितीशी ही स्थिती ताडून पाहा. तिथेही एका बाजूला वजीर आणि हत्ती होते, दुसऱ्या बाजूला वजीर आणि घोडा. तालसारखा खेळाडू, ज्याचे नाव आजही हल्ल्याच्या खेळासाठी घेतले जाते, जगज्जेता असताना, ऑलिंपियाडच्या पहिल्या पटावर, एका सतरा वर्षांच्या मुलाविरुद्ध सतत शह देऊन बरोबरी घेतो, ती त्या स्थितीत तेवढेच मिळण्याजोगे होते म्हणून. आणि फिशर? १९६२ च्या कुरासाव बेटावरच्या आव्हानवीरांच्या स्पर्धेनंतर याच फिशरने सोव्हिएत खेळाडू आपसात आधी ठरवून बरोबरी करतात असा उघड आरोप केला होता, आणि पुढे आव्हानवीरांची स्पर्धा साखळी पद्धतीऐवजी बाद पद्धतीच्या सामन्यांची झाली. बरोबरीचा इतका तिटकारा असलेल्या या माणसाने १९६९ मध्ये आपल्या साठ संस्मरणीय डावांचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा लाइपझिगचा हा बरोबरीत सुटलेला डाव त्याने त्यात आवर्जून घेतला. ठरवून केलेली बरोबरी आणि खेळून निघालेली बरोबरी यांत किती अंतर आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

हे अंतर मुलीलाही समजावून सांगावे, कारण बरोबरीच्या बाबतीत मी सरसकट उदार नाही. पंधराव्या-सोळाव्या खेळीला, पटावर सगळी मोहरी शाबूत असताना, समोरच्याचे रेटिंग पाहून बरोबरीचा प्रस्ताव मांडण्याची सवय या वयात लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. काही स्पर्धांचे नियमच ठरावीक खेळ्यांच्या आत परस्पर बरोबरी करू देत नाहीत आणि ते मला योग्य वाटते. आपल्या मुलीच्या डावात मात्र प्रस्तावच नव्हता. तिने नियमाने बरोबरी मागितली, आणि ज्या रीतीने मागितली त्याबद्दल तिचे कौतुक व्हायला हवे होते. पत्रावरून असे दिसते की नातेवाइकांना पंचांना बोलावणे हे कमीपणाचे वाटले. बुद्धिबळाच्या नियमांत सततच्या शहासाठी वेगळे कलम नाही. बरोबरी मिळते ती तीच स्थिती, त्याच खेळाडूची पाळी असताना, तिसऱ्यांदा आल्यामुळे. ती मागण्याची रीतही ठरलेली आहे. खेळाडूने आपल्या पाळीला, जी खेळी केल्यावर स्थिती तिसऱ्यांदा येणार ती पटावर न करता आधी नोंदीच्या कागदावर लिहायची आणि पंचांना तसे सांगायचे. खेळी आधी करून बसले की तो हक्क त्या वेळेपुरता जातो. मागणी चुकीची ठरली तर प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळात दोन मिनिटे वाढवली जातात. शेवटची फेरी, समोर वरच्या रेटिंगचा खेळाडू, तो मान हलवून नकार देतो आहे, आणि अशा वेळी चौदा वर्षांची मुलगी ही सारी रीत बिनचूक पाळते, हे मला तिच्या सत्ताविसाव्या खेळीइतकेच मोलाचे वाटते. मोठी माणसेही अशा प्रसंगी गडबडतात.

रेटिंगचा विषय आपण काढला आहे म्हणून त्याचाही हिशेब सांगतो. दोनशे गुणांचा फरक असताना खालच्या खेळाडूकडून सरासरी ०.२४ गुणाची अपेक्षा धरली जाते. अठरा वर्षांखालील आणि २३०० च्या आत रेटिंग असलेल्या खेळाडूंसाठी गुणक, म्हणजे मिळालेल्या आणि अपेक्षित गुणांतल्या फरकाला ज्याने गुणतात तो आकडा, ४० असतो. तेव्हा त्या बरोबरीने तिला रेटिंगचे १०.४ गुण मिळाले. हरली असती तर ९.६ गेले असते. बक्षीस हुकले याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्या दिवशी तिच्या हातून काही निसटले असे हा हिशेब म्हणत नाही.

आता फ्रेंच बचावाविषयी. या सुरुवातीचे नाव १८३४ मध्ये पॅरिस आणि लंडन या शहरांदरम्यान पत्राने खेळलेल्या सामन्यावरून पडले. लंडनच्या ई४ ला पॅरिसच्या खेळाडूंनी ई६ ने उत्तर दिले आणि पॅरिस जिंकले. म्हणजे या बचावाची ओळखच मुळी विजयाने झाली. त्याचा गाभा असा आहे की काळा खेळाडू मधली जागा पांढऱ्याला घेऊ देतो आणि मग त्या जागेच्या पायावर घाव घालतो. पांढऱ्याने ई५ ला प्यादे ढकलले की काळ्याने सी५ ने डी४ वर दाब द्यायचा, घोडा सी६ वर आणि वजीर बी६ वर आणून तो दाब वाढवायचा, आणि वेळ येताच एफ६ ने दुसऱ्या बाजूनेही पांढऱ्याच्या प्याद्यांची ती साखळी तोडायची. याची किंमत म्हणून सी८ वरचा उंट आपल्याच ई६ च्या प्याद्यामागे कोंडला जातो आणि बराच काळ त्याला करण्यासारखे काही नसते. ज्या खेळाडूला हा उंट कोंडलेला पाहवत नाही, त्याने फ्रेंच खेळू नये हे खरे. परंतु ज्याला धीर धरता येतो, त्याच्या हाती हे धारदार शस्त्र आहे. पूर्व जर्मनीचे वोल्फगांग उलमान यांनी ई४ विरुद्ध जवळजवळ आयुष्यभर फ्रेंचच खेळला, आणि लाइपझिगच्याच वर्षी, म्हणजे १९६० मध्ये, ब्यूनस आयर्सच्या स्पर्धेत याच विनावर प्रकारात फिशरला हरवले.

बचाव या शब्दावरून सुरुवातीचा स्वभाव ठरवला जात आहे, ही खरी अडचण आहे. प्रशिक्षक सुचवीत आहेत तो सिसिलियनही बचावच आहे. अतिशय भक्कम आणि बरोबरीकडे झुकणाऱ्या सुरुवाती आहेत, नाही असे नाही. २००० साली लंडनमध्ये व्लादिमीर क्रॅमनिकने गॅरी कास्पारोव्हविरुद्ध बर्लिन बचाव चार डावांत वापरला, चारही डाव बरोबरीत सुटले, आणि त्या सामन्यात कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही; जगज्जेतेपद क्रॅमनिककडे गेले. तिथे बरोबरी हेच हत्यार होते. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हाही कोनेरू हम्पीविरुद्धच्या अंतिम फेरीतले दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले होते आणि निकाल जलद डावांत लागला. त्या दोन बरोबऱ्यांशिवाय ती जलद डावांपर्यंत पोहोचलीच नसती. फ्रेंच बचाव मात्र बर्लिनच्या जातीचा नाही. त्यात बरोबरी झाली तर ती बहुधा पट विस्कटल्यानंतर होते, जशी लाइपझिगला झाली आणि जशी आपल्या मुलीची झाली.

म्हणून सुरुवात बदलण्याचा निर्णय या एका डावावरून घेऊ नये. नवी सुरुवात म्हणजे केवळ पहिल्या दहा खेळ्यांचे पाठांतर नसते. तिच्यातून निघणाऱ्या प्याद्यांच्या रचना, कोणती मोहरी कुठे ठेवायची याचे भान आणि त्या रचनांतले शेवटचे खेळ, हे सारे नव्याने अंगात मुरावे लागते. सिसिलियनचा पसारा तर फारच मोठा आहे. तिला स्वतःला तो खेळावासा वाटत असेल तर आनंदाने शिकवावा, परंतु फ्रेंचच्या जोडीला म्हणून, शिक्षा म्हणून नव्हे. स्पर्धांचा हंगाम चालू असताना तर हा बदल करूच नये.

तिला पटाजवळ कसे आणावे या प्रश्नासाठी माझी सूचना अशी आहे की तिच्या स्वतःच्या डावापासून आरंभ करू नये. एखाद्या संध्याकाळी लाइपझिगच्या डावातली पांढऱ्याच्या अठराव्या खेळीनंतरची स्थिती आपणच मांडून ठेवावी. पांढऱ्याचा राजा जी१, वजीर एच७, हत्ती ए१, घोडा ई६, प्यादी ए३, ए५, सी२, एफ२, जी२ आणि एच२. काळ्याचा राजा सी८, वजीर सी७, हत्ती जी५, उंट एफ१, घोडा ई७, प्यादी ए७, बी७, सी३ आणि डी५. पाळी काळ्याची आहे आणि त्याचा वजीर, हत्ती, उंट अशी तीन मोहरी एकाच वेळी माऱ्यात आहेत. तू काय खेळशील, एवढेच तिला विचारावे, आणि ती विचार करीत असताना कोणी बोलू नये. हत्ती जी२ वर टाकून शह देण्याची खेळी तिला दिसेल असे मला वाटते, कारण तिच्या हाताला तिची ओळख आहे. मग पुढच्या तीन खेळ्या दोघांनी मिळून खेळाव्यात आणि शेवटी कोणाची बाजू वरचढ आहे हे तिलाच सांगू द्यावे.

त्यानंतर तिचा डाव ती आपण होऊन काढील, किंवा काही दिवसांनी आपण काढण्यास हरकत नाही. त्या वेळी संगणक बंद ठेवावा. संगणक चौतिसाव्या खेळीशी शून्य, म्हणजे दोन्ही बाजू समान, दाखवील आणि बोलणे तिथेच थांबेल; त्याला विचारायचे ते सर्वांत शेवटी. आधी तिला विचारावे की सत्ताविसाव्या खेळीला हत्ती देताना शहांची मालिका तिला दिसली होती की तो अंदाज होता, आणि शह सुरू करण्यापूर्वी तिने दुसरी कोणती खेळी तपासली होती. तिने दुसरी खेळी पाहून ती नाकारली असेल, तर त्या बरोबरीत सुधारण्यासारखे काहीही नाही. पाहिलीच नसेल, तर ते शिकण्यासारखे आहे, परंतु तेही वेळेच्या वाटणीचे आणि मोजणीचे काम आहे, धैर्याचे नाही.

प्रशिक्षकांशी आपण स्वतः बोलावे, मुलीच्या देखत नव्हे. ती जिंकू शकली असती असे ते म्हणतात, तर नेमक्या कोणत्या खेळीने, हे त्यांना पट मांडून विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि चांगल्या प्रशिक्षकाला त्या प्रश्नाचा राग येणार नाही. माझ्या मते संधी होती, पण ती चौतिसाव्या खेळीला नव्हे, सतराव्या खेळीला होती. तिथे एफ६ चा धक्का देण्याची तिची तयारी पूर्ण झाली होती. हत्ती एफ८ वर होता, दोन्ही घोडे जागेवर होते आणि पांढऱ्याने अजून किल्लेकोट केला नव्हता. तिने तो धक्का तेविसाव्या खेळीला दिला. मधल्या सहा खेळ्यांत तिने उंट डी७ वरून ई८ वर आणि पुन्हा डी७ वर नेला, आणि तेवढ्यात समोरच्याने राजा सुरक्षित केला व वजिराच्या बाजूचे एक प्यादे मिळवले. पुढची सारी धडपड त्या उशिराची भरपाई होती. एफ६ कधी खेळायचे, हा फ्रेंच बचावातला सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि तो खेळूनच कळतो. पुढच्या वर्गात त्यांनी सुरुवात बदलण्याचा विषय बाजूला ठेवून सतराव्या खेळीनंतरची ती एक स्थिती तिच्याबरोबर तासभर तपासावी, एवढी विनंती माझ्या वतीने त्यांना करावी.